अर्धं काळं वर्तुळ

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला.
पुरुष म्हणजे चौकोन, म्हणाल्या, बाई म्हणजे वर्तुळ.
वरती एक चौकोन काढून काळा रंगवला:
हा तुमचा बाप, बाकिझिओ लेद्दा,
सार्डिनियातल्या दलदलीकाठचा मेंढपाळ.
त्याच्याखाली एक वर्तुळ. ते अर्धंच काळं केलं.
ती मी.

पलीकडच्या खाटेवर बाइंजू झोपलेला,
चार वर्षांचा, हळदीनं माखल्यासारखा,
नळीतून दुसऱ्या कुणाचं तरी रक्त येत होतं.
आदल्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली
तेव्हा मी त्याच्यावरच डाफरले होते,
डबक्यातलं पाणी प्यालास ना, म्हणून.
त्यानं फक्त फाव्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या,
कोवळ्या, आपल्या बांधावरच्या,
थोरल्या तोतोनीनं सोलून दिलेल्या.
तोतोनी तर दोन्ही खिसे भरून खातो.
त्याला काही होत नाही.

तुमच्याकडे एक्स गुणसूत्रं दोन, बाई सांगत होत्या,
एक आईचं, एक बापाचं.
बापाच्या त्या एकात एक ओळ वेगळी लिहिलीय.
तुमचं दुसऱ्यावर निभावलं.
मुलांना मात्र तुमच्याकडून एकेकच मिळतं.
कुठलं, ते नाणं उडवल्यासारखं.
मी विचारलं, पण उडवलं कुणी?
त्या पेन्सिलीला टोक करत राहिल्या.

फावा फुलला की बाबा लांबच्या वाटेनं जायचा,
मेंढ्यांनाही वळसा पडायचा.
लोक हसायचे: बाकिझिओ लांडग्याला भीत नाही, शेंगेला भितो.
कार्निव्हलला घरोघरी मांसात शिजवलेला फावा,
आणि हा उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून
भाकरी आणि चीज खात बसलेला.
आई म्हणायची, नाटकं.
मीही म्हटलं असेन. म्हटलंच होतं.

मी त्याच्यावर गेले, असं सगळे सांगत.
मागं वळणारा अंगठा, दातांच्या फटीतून शीळ,
राग आला की दोन दोन दिवस गप्प.
खाण तशी माती, म्हणून मी मिरवायचे.
शेजाराचा वाण नाही पण गुण लागतो म्हणतात;
मला वाणच लागला होता,
आणि तो माझ्या अंगात बसून होता
बत्तीस वर्षं,
ताप नाही, खोकला नाही.

बाई म्हणाल्या, तुमच्या पणज्यांच्या काळात
हिवतापानं इथली गावं ओस पडत.
ज्यांच्या रक्तात ही ओळ, त्यांच्यात ताप नीट रुजत नसे.
त्यातले पुष्कळ जगले. म्हणून तुम्ही आहात.
म्हणजे ती चूक नव्हती?
डास होते तोवर नव्हती, त्या म्हणाल्या.
दलदल उपसली, औषधं फवारली, डास गेले.
पहारेकऱ्याला मात्र कुणी कळवलं नाही.

तोतोनीनं त्याच संध्याकाळी
बांधावरचा सगळा फावा उपटला.
नऊ वर्षांचा होता. हात सोलवटले त्याचे.
त्याला किती समजावलं, तुझा दोष नाही रे,
तर म्हणाला, मग कुणाचा?
मी तोंड उघडलं आणि मिटलं.

आता बाइंजू सोळाचा आहे.
परवा तोच कागद ड्रॉवरमध्ये सापडला त्याला.
मला मुलं झाली की?
मुलीला नक्की जाईल, मी म्हटलं, मुलाला नाही.
आणि दादाच्या?
दादाकडून कुणालाच नाही.
बोटं मोजताना त्याचा अंगठा मागं वळला.
बरंय, म्हणाला, आणि शीळ घालत मोटरसायकल पुसायला गेला.
त्या कागदावर याच्या खाली काही काढलेलं नाही.
मी तो परत घडी केला.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितली नाही.
एप्रिलात मी पिएत्रीनाच्या परसात जाते,
उभ्या उभ्या पाच-सात कोवळे दाणे खाते, मिठाबरोबर.
मग नळावर खळखळून चूळ भरते,
नखांतला हिरवा रंग काढते,
आणि घरी जाते, लांबच्या वाटेनं.